मदत हवी आहे: मेपल सिरप २१९ ला उतरवूनही बरणीत खडे

रानवाट (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. दारातल्या मेपलच्या झाडांचा रस आटवून मेपल सिरप करतोय. जिथे बघावं तिथे लिहिलंय २१९ अंश फॅरनहाइटला उतरवा. मी २१९ लाच उतरवतो. तरी मागच्या खेपेचं सिरप मधाहून घट्ट झालंय आणि बरण्यांच्या तळाला खडे धरलेत. थर्मामीटर नवा आहे, बर्फाच्या पाण्यात बरोब्बर ३२ दाखवतो, म्हणजे त्यात खोट नाही.
सध्या रात्री गोठतंय, दिवसा वितळतंय, बादल्या भरून वाहायला लागल्यात. रस ठेवून दिला तर नासतो, त्यामुळे आज रात्री परत चूल पेटवायचीच आहे. कृपया नेमकं सांगा: २१९ नाही तर किती? इतिहास-भूगोल नको, आकडा द्या.

उत्तरध्रुव
भूगोलच तर हवाय! कुठे राहता? उंची किती? थर्मामीटर कुठल्या प्रकारचा? एका वेळी किती रस आटवता?

मंदाकाकू
अरे थर्मामीटर कशाला हवा त्याला. पाक बोटांत धरून बघायचा, एक तार आली की खाली उतरवायचा. लाडू करताना कोण थर्मामीटर लावतं? डोळ्यांनी आणि बोटांनी कळतं सगळं.

चिकित्सक
काकू, मान राखून सांगतो, एकतारी पाक म्हणजे मेपल सिरपची वेळ टळून गेली. तार धरेपर्यंत पाक सिरपच्या पुढे गेलेला असतो आणि मग बरणीत साखर सुटतेच. लाडवात ती सुटलेली चालते, नव्हे, हवीच असते. इथे नकोय.
रानवाट, आधी एक सांगा. खडे म्हणजे कसे? पिठूळ, वाळूसारखा, मळकट गाळ की कडक काचेसारखे स्फटिक? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. वाळूसारखं असेल तर ती शुगर सँड. रसातलं कॅल्शियम आणि मॅलिक आम्ल यांचा क्षार आटवताना बाहेर पडतो. त्याचा तापमानाशी संबंध नाही, गरम असताना नीट गाळून घेतलं की झालं.

रानवाट
कडक आहेत. खडीसाखर. चाटून पाहिली, गोड आहे. गाळणं व्यवस्थित केलंय, आधी कागदी फिल्टर आणि मग जाड नमद्याचा. प्रश्न गाळण्याचा नाहीये.

झाडाखाली
रस काढायला झाडाला भोक किती खोल पाडलंय? ५/१६ इंची बिट वापरा, दीड ते दोन इंचांच्या पुढे जाऊ नका आणि दहा-बारा इंच व्यासाच्या आतल्या झाडाला हातच लावू नका. मागच्या वर्षीच्या भोकाच्या सरळ रेषेत वरखाली नवीन भोक पाडायचं नसतं, तिथलं लाकूड मेलेलं असतं. लोक इथेच चुकतात.

रानवाट
झाडं ठीक आहेत हो. रस भरपूर येतोय, तीच तर अडचण आहे.

खटपट्या
सोपं आहे. हवामानाच्या अॅपमध्ये दाब बघा. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं, कमी झाला की लवकर. पाऱ्याच्या एका इंचाला पावणेदोन अंश धरा. आत्ता माझ्याकडे ३०.१ दाखवतंय म्हणजे पाणी २१२.३ ला उकळणार आणि सिरप २१९.४ ला. तुमच्या अॅपमध्ये बघा, आकडा लगेच मिळेल. आणि ते लेझरवाले पिस्तूल थर्मामीटर घ्या, रोखलं की वाचन. पातेल्यात काही बुडवायला नको.

चिकित्सक
खटपट्या, दोन्ही गोष्टींना हरकत.
पहिली. अॅपमधला दाब समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो, म्हणजे तुमच्या गावाची उंची त्यातून आधीच काढून टाकलेली असते. तसं केलं नाही तर हवामानाच्या नकाशावर डोंगरातली सगळी गावं कायम वादळात दिसतील. तुमच्या पातेल्यावर जो दाब पडतो तो वेगळाच. दीड हजार फुटांवर तो दीडेक इंचाने कमी भरतो. अॅपमध्ये ३०.१ असलं तरी तिथे खरा दाब साडेअठ्ठावीसच्या आसपास, म्हणजे पाणी दोनशे साडेनऊला उकळणार. तुमच्या हिशोबाने गेलात तर जवळपास तीन अंश जास्त शिजेल.
दुसरी. ते पिस्तूल फक्त वरचा पृष्ठभाग बघतं आणि मध्ये वाफेचा लोट असतो. उकळत्या रसावर फेस, फेसावर वाफ. ते नेमकं कशाचं तापमान सांगतंय ते त्यालाच ठाऊक.

खटपट्या
माझं सिरप गेली कित्येक वर्षं उत्तम होतंय बुवा. पुस्तकी हिशोब पुस्तकात.

उत्तरध्रुव
कारण तुम्ही तळ्याकाठी सखल भागात राहता, तिथे उंचीने फरक पडतच नाही. :)
रानवाट, उंची सांगा ना. तिसऱ्यांदा विचारायला लावू नका.

रानवाट
अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य. ग्रीन माउंटन्सच्या पूर्वेकडच्या उतारावर. फोन १५४० फूट दाखवतोय. डोंगर म्हणावा असं काही नाही, टेकाड आहे. एवढ्याने काय होतंय?

चिकित्सक
एवढ्यानेच झालंय सगळं. निदान अर्धं तरी.
२१९ हा आकडा समुद्रसपाटीचा आणि तोही दाब २९.९२ इंच असतानाचा. तेव्हा पाणी २१२ ला उकळतं आणि सिरप त्याच्या ७.१ अंश वर तयार होतं. यातला ७.१ कुठेही न्या, जवळपास तोच राहतो. २१२ मात्र राहत नाही. साधारण दर साडेपाचशे फुटांना एक अंश उतरतो. तुमच्याकडे पाणी २०९ च्या आसपास उकळत असणार. तुम्ही २१९ पर्यंत थांबता म्हणजे सातऐवजी दहा अंश वर जाता. ते सिरप सत्तर ब्रिक्सच्याही वर गेलेलं असतं (ब्रिक्स म्हणजे वजनाने शंभर भाग सिरपमध्ये साखर किती भाग).
आता खडे का? नेहमीच्या खोलीच्या तापमानाला शंभर भाग पाकात जास्तीत जास्त सदुसष्ट भाग साखर विरघळून राहते. त्यावर गेलात की गरम असताना सगळं एकजीव दिसतं, बरणी थंडावली की जास्तीची साखर हळूहळू तळाला स्फटिक धरते. व्हरमाँटच्या कायद्याने सिरप किमान ६६.९ ब्रिक्स लागतं ते काही उगाच नाही. त्याखाली फार गेलात तर आंबतं, बुरशी धरते. वर गेलात तर खडीसाखर. मधली जागा अगदी चिंचोळी आहे.

रानवाट
म्हणजे २१६. धन्यवाद, लागतो कामाला.

चिकित्सक
थांबा! २१६ सुद्धा लिहून ठेवू नका. आज तुमच्याकडे ऊन असेल, उद्या बर्फाचं वादळ आलं तर दाब इंचभर सहज उतरतो, की गेले पावणेदोन अंश. रस येतो तेच दिवस नेमके हवा पालटण्याचे असतात.
आकडा पाठ करायचाच नाही. चूल पेटवली की प्रत्येक वेळी त्याच थर्मामीटरने, त्याच जागी, साधं पाणी खळखळून उकळून बघायचं. जो आकडा येईल त्यात ७.१ मिळवायचे. यात उंची आली, हवा आली आणि थर्मामीटर दोन अंश खोटं बोलत असेल तर तेही आलं, कारण दोन्ही वेळा तो तेवढंच खोटं बोलणार. म्हणूनच तुमच्या बर्फाच्या कसोटीला इथे अर्थ नाही. ३२ ला खरा असलेला थर्मामीटर २१२ ला खरा असेलच असं नाही आणि आपल्याला गरज वरच्या टोकाची आहे.

उत्तरध्रुव
+१. त्यात थोडी भर. वेगळं पाणी उकळायचीही गरज नाही. ताज्या रसात साखर दोन टक्क्यांच्या आसपास असते, त्याने उत्कलनबिंदू जेमतेम हलतो. रसाला पहिली जोरदार उकळी आली की तेव्हाचं वाचन घ्या, तेच तुमचं पाणी. मात्र ताजा रस असतानाच. अर्धा आटल्यावर किंवा आटलेल्यात नवीन रस ओतत राहिल्यावर ते चालणार नाही.
आम्ही इकडे ओंटारियोत सेल्सिअस वापरतो: पाण्याच्या चार अंश वर, सपाट भागात १०४.

टिचकी
मी पहिल्यांदाच करतेय, माझा थर्मामीटर पण सेल्सिअसचा आहे. ७.१ फॅरनहाइट मोबाइलवर बदलून पाहिलं तर उणे १३.८ येतंय. म्हणजे पाणी उकळल्यावर त्यातून १३.८ वजा करायचे का?? सिरप थंड करून मोजायचं असतं का?

चिकित्सक
नाही नाही! ७.१ हे तापमान नाही, दोन तापमानांतला फरक आहे. फरक बदलताना ३२ वजा करायचे नसतात, फक्त ५/९ ने गुणायचं. ३.९ येतात. उत्तरध्रुव चार म्हणतात ते हेच. उकळतं असतानाच मोजायचं.

टिचकी
हुश्श. धन्यवाद. मी बर्फ आणायला निघाले होते.

मंदाकाकू
बघा, थर्मामीटर नसता तर हा गोंधळच झाला नसता. ;)
बरं, तार नको तर नको. माझ्या शेजारचे आजोबा पळी बुडवून उभी धरतात. थेंब थेंब पडले तर अजून व्हायचंय, थेंब एकमेकांना चिकटून पळीच्या काठावरून पडद्यासारखं सुटलं की झालं. त्यांचं सिरप कधी बिघडलेलं पाहिलं नाही मी.

चिकित्सक
पडद्याची खूण खरी आहे, जुने लोक त्यावरच करायचे. पण आजोबांचा हात आयुष्यभराचा आहे, रानवाटांना आज रात्री चूल पेटवायचीय.

उत्तरध्रुव
मुळात थर्मामीटरवर भरवसा ठेवायचाच कशाला? हायड्रोमीटर घ्या, सिरपमध्ये तरंगणारी काचेची नळी. आपल्याला मोजायचा आहे दाटपणा, तापमान ही नुसती साक्ष. हायड्रोमीटर दाटपणाच मोजतो. उंची नाही, हवा नाही, काही नाही. दोन लाल रेघा असतात, वरची गरम सिरपसाठी, २११ अंशाला धरलेली, खालची थंडसाठी, ६० अंशाला. कप भरा, सोडा, बघा. संपला विषय.

रानवाट
माझ्याकडे एका खेपेला जेमतेम दोन-तीन बरण्या निघतात. त्यातला निम्मा सिरप तुमच्या कपातच जायचा.

उत्तरध्रुव
कपातला परत पातेल्यात ओतायचा असतो. :) पिऊन टाकायचा नसतो.

खटपट्या
हायड्रोमीटरचंही काही खरं नाही. कप थंड असला तर त्यात ओतेपर्यंत सिरप २११ वरून खाली आलेला असतो, मग लाल रेघेला काय अर्थ? वर काचेला साखर चिकटून राहिली की वजन वाढतं आणि तो खोल बुडतो. माझ्या एकातला कागद आतल्या आत सरकला होता, ते कळेपर्यंत अख्खा हंगाम पातळ सिरप झालं.

उत्तरध्रुव
कप आधी उकळत्या रसात बुडवून गरम करून घ्यायचा, हायड्रोमीटर दरवेळी गरम पाण्याने धुवायचा. आणि सिरप थोडं निवलं तर तापमानाप्रमाणे वाचन दुरुस्त करायचे तक्ते मिळतात. म्हणजे थर्मामीटर लागतोच शेवटी, हे मान्य.

झाडाखाली
तुम्ही लोक एवढं भांडताय, पण रसात साखर किती आहे ते कुणी विचारलं का? ८६ ला रसाच्या साखरेच्या टक्क्याने भागा, एक गॅलन सिरपला किती गॅलन रस लागेल ते येतं. दोन टक्क्याला ४३ गॅलन! त्यापेक्षा आरओ (रसातलं पाणी दाबाने वेगळं काढणारं यंत्र) बसवा, निम्मं पाणी आधीच जातं, लाकूड वाचतं.

रानवाट
साहेब, आरओ नको. लाकूड आहे. तापमान मोजता येत नाहीये.
चिकित्सक, ते मघाशी "निदान अर्धं तरी" का म्हणालात? उरलेलं अर्धं काय? पाणी बघितलं आत्ता. थर्मामीटर तबकडीवाला आहे, लांब दांडीचा, दोन-दोन अंशांच्या रेघा. पाणी खळखळ उकळत असताना काटा २०३ दाखवतोय. हे कसं शक्य आहे? २०९ यायला हवं ना? मग आता २१० ला उतरवू का?

चिकित्सक
कशात उकळलंत आणि दांडी किती बुडाली होती?

रानवाट
त्याच पातेल्यात ज्यात सिरप करतो. रुंद, उथळ. पाणी इंचभर असेल. शेवटी शेवटी सिरपही तेवढंच उरतं.

चिकित्सक
हे घ्या उरलेलं अर्धं.
तबकडीच्या थर्मामीटरच्या दांडीत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी असते. ती टोकाला नसते, टोकापासून वर दोनेक इंचांपर्यंत पसरलेली असते. दांडीवर बारीक खळगा दिसतोय का बघा, तिथवर बुडायला हवी. इंचभर सिरपमध्ये निम्मी गुंडाळी वाफेत आणि हवेत लटकणार, काटा कमी दाखवणार आणि तुम्ही तो वर चढायची वाट बघत बसणार. तोवर खाली सिरप पुढे निघून गेलेलं. उंचीची चूक आणि ही चूक एकाच बाजूची आहे, म्हणून खडीसाखर झाली.
२१० ला उतरवू नका. ७.१ मिळवायची युक्ती तेव्हाच चालते जेव्हा दोन्ही वेळा दांडी सारखीच बुडलेली असते आणि तुमच्या पातेल्यात रस आटत जातो तशी ती दर मिनिटाला कमी कमी बुडत जाते. शिवाय टोक तळाला टेकवून चालत नाही. तळ सिरपपेक्षा जास्त तापलेला असतो, तिथे आकडा उगाच फुगतो.

मंदाकाकू
मग त्याने करायचं काय? पातेलं तिरकं धरून उभं राहायचं का रात्रभर?

उत्तरध्रुव
तिरकं नाही, काकू. अरुंद आणि उंच भांडं. बाहेरच्या चुलीवर रुंद परातीत आटवायचं, कारण तिथे वाफ पटकन जायला हवी. थोडं राहिलं की घरात आणून दूध तापवायच्या उभ्या पातेल्यात गॅसवर शेवट करायचा. तीन-चार इंच खोली मिळते, दांडी नीट बुडते आणि आच हातात राहते. शेवटचे दोन अंश फार भरभर चढतात. बाहेर लाकडाच्या जाळावर तेवढ्यात आच कमी कशी करणार?
मात्र सगळा रस घरात उकळू नका. भिंतीचा कागद सुटून येतो. हे अनुभवाचे बोल आहेत.

खटपट्या
आणि डिजिटल घ्या. बारीक टोकाचा. त्याचा सेन्सर अगदी टोकाशी असतो, अर्धा-पाऊण इंच बुडला तरी पुरतो. दशांशात वाचता येतो. दोन-दोन अंशांच्या रेघांवर ७.१ कसले मोजताय?

चिकित्सक
या वेळी खटपट्यांशी पूर्ण सहमत. फक्त एवढंच, दशांश दिसतो म्हणून तो दशांशापर्यंत खरा असतो असं नाही. स्वस्तातला दीड-दोन अंश इकडेतिकडे असतोच. पाण्याची कसोटी त्यालाही चुकत नाही.
वाचन घेताना फेस खाली बसलेला हवा. पातेल्यात फेस चढला तर लोण्याचा कणभर तुकडा टाका, लगेच बसतो. टोक फेसात असेल तर आकडा मानू नका.

टिचकी
लोणी खारं चालेल का?

मंदाकाकू
बिनमिठाचं घे गं. आणि कणभर म्हणजे कणभरच, फोडणी नाही द्यायची.

रानवाट
डिजिटल आज रात्री मिळणार नाही, दुकान लांब आहे. तबकडीवरच काम भागवायचंय.
उभ्या पातेल्यात चार इंच पाणी घेतलं, दांडी खळग्याच्या वर बुडवली, तळापासून सुटी. काटा आता २०७ आणि २०८ च्या मध्ये. म्हणजे उथळ पातेल्यात चार-साडेचार अंश बुडण्याचे गेले होते. बाहेर बर्फ पडायला लागलंय, दाबही उतरला असेल.
तर याच्यात ७.१ म्हणजे २१४.६. बरोबर? काटा २१४ आणि २१५ च्या मध्ये आला की उतरवतो. आकडा विचित्र वाटतोय, पण आता काही विचारत नाही.

चिकित्सक
बरोबर. तुमच्या त्या थर्मामीटरवर, त्या पातेल्यात, आजच्या रात्रीपुरता. मध्येच वादळ वाढलं तर पाणी पुन्हा एकदा बघा. शेवटच्या तीनेक अंशांत आच निम्मी करा आणि काटा बघताना डोळा तबकडीच्या अगदी समोर ठेवा.

उत्तरध्रुव
शक्य झालं तर कुणाकडून तरी हायड्रोमीटर आणाच. एकदा तरी ताडून बघा.

झाडाखाली
जुन्या खड्यांचं काय करणार? फेकू नका. बरण्यांत थोडा गरम रस घालून ठेवा, खडे विरघळतात. मग आज रात्रीच्या पातेल्यात ओता, सगळं एकत्र २१४.६ ला येऊ द्या.

रानवाट
हे मात्र कामाचं सांगितलंत. आभार.

खटपट्या
अवांतर: आरओचा खर्च किती येतो हो झाडाखाली?

झाडाखाली
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

रानवाट
काल रात्रीचा हिशोब. जुन्या बरण्यांतलं सगळं मिसळून काटा २१४ च्या थोडा वर आल्यावर उतरवलं. खालच्या वळणावर राहणाऱ्या शेजाऱ्यांचा हायड्रोमीटर आणला होता, कप गरम करून घेतला. लाल रेघ सिरपच्या पातळीच्या केसभर वर राहिली. शेजारी म्हणाले, किंचित दाट आहे पण चालेल. चमचाभर गरम रस घालून परत उकळी काढली, मग रेघ बरोबर पातळीला आली. १८५ अंशांवर बरण्या भरल्या. खडे येतात का ते आठवड्याने कळेल, तेव्हा लिहीन.
तबकडीवाला आता मांसासाठी ठेवतो. डिजिटल मागवलाय.

उत्तरध्रुव
केसभर दाट म्हणजे थर्मामीटरने अर्ध्या अंशाच्या आत काम केलं. तबकडीवर याहून जास्त होत नाही. आता हायड्रोमीटरच घ्या की!

खटपट्या
डिजिटल पुरे.

उत्तरध्रुव
हायड्रोमीटर.

टिचकी
माझं पाणी ९९.४ ला उकळलं, म्हणून १०३.३ ला उतरवलं. छान झालंय! पण वास जरा वेगळा येतोय, चॉकलेटच्या गोळीसारखा, मागे कडवट. हेही तापमानामुळे का?

झाडाखाली
झाडाला कळ्या फुगल्यात का बघा. कळ्या फुटायला लागल्या की रसाला तो वास येतो, त्याला तापमान काही करू शकत नाही. तांबड्या मेपलच्या कळ्या आधी फुगतात. झाड कुठलं आहे? बुंध्याचा आणि फांद्यांचा फोटो टाका.

रानवाट
टिचकी, यासाठी वेगळा धागा काढा, इथे हे दोघं हायड्रोमीटरवरून थांबणार नाहीत.